रोवणीच्या दिवसांतला हिवताप: कोयनेलपासून काय शिकायचं?

चिखलणी उरकली, भाताचे पऱ्हे (रोपं) उपटून रोवणी लागली की गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याकडे बांधी (भाताची खाचरं) पाण्यानं भरून जातात. पिकाला हे पाणी हवंच असतं. पण हिवतापाचा डास गटारापेक्षा असंच स्वच्छ, संथ पाणी पसंत करतो. राज्यातल्या हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा वर्षानुवर्षं मोठा राहिला आहे. रोवणीपासून कापणीपर्यंतचा हाच काळ जोखमीचा, म्हणून आजचा सल्ला खोडकिड्याचा नाही, रोवणी करणाऱ्या माणसांचा आहे.

आमच्याकडची जुनी माणसं अजून कोयनेल म्हणतात. कोयनेल म्हणजे क्विनाईन. जिभेवर ठेवली तर पाणी पिऊनही कडूपणा जात नाही, अशी ती गोळी. थंडी वाजून ताप आला की कोयनेल घ्यायची, ही सवय हाडीमाशी भिनलेली. गोळ्या बदलल्या, सवय तीच राहिली. मागच्या हंगामात आमच्या बांधीवर आलेल्या एका बाईनं कनवटीची पुडी सोडून दाखवली. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या उरलेल्या तीन गोळ्या होत्या, ‘ताप आलाच तर’ म्हणून जपलेल्या. रक्त तपासलेलं नव्हतं. मला त्या पुडीची फार धास्ती वाटली. का, ते कोयनेलच्याच गोष्टीतून कळेल.

हे औषध मुळात एका झाडाची साल. झाड सिंकोना, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरउतारांवरचं, आजच्या पेरू, इक्वेडोर, बोलिव्हिया भागातलं. सतराव्या शतकात जेझुइट धर्मगुरूंनी ही साल युरोपात नेली. लोक तिची पूड दारूत कालवून पीत. कुणाचा ताप उतरे, कुणाचा हटत नसे, आणि वैद्य आपसांत भांडत. आज कारण माहीत आहे. सिंकोनाच्या जाती अनेक, दिसायला सारख्या, पण एकीच्या सालीत क्विनाईन दोन टक्केही नसे आणि दुसरीत दहा टक्क्यांच्या वर जाई. पंपात लिटरला किती मिली औषध पडलं हे न बघता फवारणी करावी, तसा तो प्रकार होता. 1820 साली पॅरिसमध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू या दोघांनी सालीतून क्विनाईन वेगळं काढलं, तेव्हा कुठे मात्रा मोजून देता येऊ लागली.

पुढची हकीकत बियाण्याची आहे आणि ती प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असावी. बोलिव्हियात मान्वेल इंक्रा मामानी नावाचा आयमारा या तिथल्या आदिवासी समाजातला माणूस होता. कोणत्या झाडाची साल कसदार, हे तो झाड बघून सांगे. चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्यासाठी त्यानं बी गोळा करायचं कबूल केलं. थंडीनं मोहोर जळत गेला, तरी तो वर्षानुवर्षं थांबून राहिला आणि 1865 मध्ये बी घेऊन आला. इंग्रज सरकारनं ते घेतलं नाही, डच सरकारनं थोडंसं विकत घेतलं. त्यावर जावा बेटावर असे मळे उभे राहिले की दुसऱ्या महायुद्धाआधी जगातलं बहुतेक क्विनाईन तिथूनच येई. बी बाहेर दिल्याबद्दल मामानीला मात्र तुरुंगात मारहाण झाली आणि त्यातच तो गेला. झाडाच्या जातीला नाव मिळालं लेजरचं. ज्याच्या नजरेनं ती जात निवडली, त्याचं नाव घ्यायला हवं, म्हणून इथे घेतलं.

भारतात 1860 च्या सुमारास निलगिरीत आणि पाठोपाठ दार्जिलिंगजवळ मंगपूला सिंकोनाची सरकारी लागवड झाली. 1892 पासून बंगालमध्ये पोस्टातून क्विनाईनची पैशाला एक पुडी मिळू लागली. आपल्याकडे महाबळेश्वरच्या लिंगमळ्यातही प्रयोग झाला, पण तो टिकला नाही. त्यामुळे औषधी वनस्पती म्हणून कुणी सिंकोनाची रोपं विकायला आलं तर पैसे घालवू नका. या झाडाला डोंगरउंचीची थंड, दमट हवा आणि निचऱ्याची आम्ल जमीन लागते आणि साल हाती यायला कित्येक वर्षं जातात.

आता औषधाकडे वळू. क्विनाईन रक्तातल्या जंतूंवर काम करतं. पण हिवतापाच्या एका प्रकारात, व्हायव्हॅक्समध्ये, जंतू यकृतात दडून बसतात. त्यांच्यावर क्विनाईन चालत नाही, म्हणून पूर्वी ताप महिन्या-दोन महिन्यांनी उलटायचा. आज व्हायव्हॅक्सला क्लोरोक्वीन तीन दिवस आणि दडलेल्या जंतूंसाठी प्रायमाक्वीन चौदा दिवस देतात. फाल्सिपॅरम या घातक प्रकाराला आर्टेमिसिनीन गटाच्या जोडगोळ्या असतात. अत्यवस्थ रुग्णाला आर्टेसुनेटचं इंजेक्शन देतात, ते नसेल तिथे आजही क्विनाईन कामी येतं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. त्यानं रक्तातली साखर एकदम उतरू शकते, कानांत घुमतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. कोणता प्रकार आहे हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही, म्हणून कनवटीची गोळी कुठल्याच अर्थानं उपयोगाची नाही.

थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात बोट टोचून तपासणी करा. ती मोफत आहे. रोवणीची मजुरी बुडेल म्हणून दोन दिवस काढू नका. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी चौदा दिवसांच्या गोळ्या चौदा दिवस घ्या. तणनाशकाची मात्रा अर्धी केली की तण कसं माजतं, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. गर्भवतीला प्रायमाक्वीन चालत नाही, तेव्हा दिवस गेले असतील तर आधी सांगा. रुग्ण बरळू लागला, झटके आले, डोळे पिवळे पडले, लघवी काळपट झाली किंवा पाणीही पोटात ठरेना, तर थेट रुग्णालय गाठा. काडेचिराईत, सातवीण यांचा काढा कडू असतो, म्हणून तो कोयनेलचं काम करील असं नाही. काढ्यापायी तपासणी लांबवू नका.

बांधीत अळी आहे का, हे स्वतः बघता येतं. पांढरी वाटी घ्या, कोपऱ्यातल्या संथ पाण्यात अलगद बुडवा आणि हातात स्थिर धरा. हिवतापाच्या डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली दिसते. दुसऱ्या डासांच्या अळ्या डोकं खाली करून तिरप्या लटकतात. अंड्यापासून डास व्हायला या हवेत सात ते दहा दिवस लागतात, म्हणजे आठवड्यातून एकदा पाणी मोडलं की पिढी तुटते. रोपं मुळं धरल्यावर, फुटव्यांच्या काळात, पाण्याची खात्री असेल तर पाणी उतरू द्या, डबकी उरणार नाहीत इतकं. पोटरी (लोंबी बाहेर पडण्याआधीचा काळ) आणि फुलोऱ्यात मात्र बांधी कोरडी करू नका, दाणा पोचट होईल. पाऊस बेभरवशाचा असेल तर हा प्रयोग टाळा आणि घराजवळचे खड्डे, बैलांच्या खुरांची डबकी, टाक्या यांवर लक्ष द्या.

टाकी किंवा बंद हौदात आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून सोडा. बोडीत (शेतातल्या लहान तळ्यात) आणि मामा तलावात (जुन्या मालगुजारी तलावात) नको, तिथे गावच्या मासोळ्याच अळ्या खातात आणि गप्पी त्यांच्या खाण्यात वाटेकरी होतात. भातावरचं कीटकनाशक पाण्यात ओतू नका, घरात तर मुळीच फवारू नका.

जागलीला (रात्री पीक राखायला) माळ्यावर जाताना मच्छरदाणी सोबत न्या. औषध लावलेली मच्छरदाणी भाजीच्या वाफ्यावर पांघरू नका, मासे धरायला वापरू नका. साध्या साबणानं धुवा आणि सावलीत वाळवा. घरात फवारणीचं पथक आलं तर देवघर, स्वयंपाकघर म्हणून खोली अडवू नका, भांडी झाकून ठेवा. फवारलेल्या भिंती पुढचे अडीच-तीन महिने सारवायच्या नाहीत की चुना लावायचा नाही. पोळ्याची सारवण आधी करायची असेल तर पथक कधी येणार ते आशाताईंना आत्ताच विचारून ठेवा.