टॉक शोचं बोलावणं आल्यावर: मूल स्टुडिओत जाण्याआधीची तयारी

मुलाचा व्हिडिओ पसरला की पुढच्या गोष्टी फार झपाट्याने घडतात. ग्रेसन चान्स हा १२ वर्षांचा अमेरिकन मुलगा २०१० मध्ये शाळेच्या कार्यक्रमात पियानो वाजवत गायला. त्याचा व्हिडिओ गाजला आणि मे महिन्यात तो एलेन डीजेनेरेसच्या शोमध्ये पोहोचला. त्याच महिन्यात तिच्या नव्या रेकॉर्ड कंपनीने त्याला करारबद्धही केलं. एवढ्या घाईत घरच्यांचं सगळं लक्ष गाण्या-वाजवण्याकडे जातं, आणि ते तर मुलाला आधीपासूनच येत असतं. तयारीतून सुटतात त्या गप्पा, स्टुडिओतलं ताटकळणं आणि प्रसारणानंतरचे दिवस. त्यामुळे या यादीत त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

आधी बोलावणं खरं आहे का ते पाहा. शोच्या अधिकृत वेबसाइटवरचा नंबर शोधून आपण उलट फोन करा. नोंदणी, ऑडिशन फी असं काही मागितलं तर तिथेच थांबा. मग संमतिपत्र येईल. ‘जगभर, कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत’ हे कलम बहुतेक वेळा असतंच आणि ते सहसा निघत नाही. पण मुलाचं आडनाव आणि शाळेचं नाव पडद्यावर येणार नाही, क्लिप कुठल्या वस्तूच्या जाहिरातीत वापरायची तर वेगळी परवानगी घ्यावी लागेल, दुसऱ्या वाहिनीवर जायची बंदी नेमकी किती दिवस, एवढं लेखी मागा. मानधन असेल तर कायदाही पाहून घ्या. भारतात २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराचं काम दिवसात ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही. कमाईचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जातो. कॅलिफोर्नियात असा १५ टक्के भाग राखून ठेवावा लागतो. १९३९ च्या ज्या कायद्यातून ही पद्धत आली, तो जॅकी कूगन या बालनटाच्या नावाने ओळखला जातो. त्याची लहानपणची कमाई आई आणि सावत्र वडिलांनी उडवली होती.

गाण्याच्या हक्कांची परवानगी वाहिनी घेते, पण तिला वेळ लागतो. एकाऐवजी तीन गाणी सुचवा आणि तिन्ही बसवून ठेवा. आयत्या वेळी पहिलं नाकारलं गेलं की मूल कोलमडतं. सादरीकरण बहुधा दीड-दोन मिनिटांचंच असतं. कापलेली आवृत्ती किमान आठवडाभर आधी पक्की करा, नाहीतर हात सवयीने मूळच्या कडव्याकडे वळतात. साथीच्या ट्रॅकची पट्टी त्याच आठवड्यात मुलाच्या आवाजाशी जुळवून पाहा. वाढत्या वयात तीन महिन्यांपूर्वीची पट्टी चालेलच असं नाही. फाइल पेनड्राइव्हवर आणि फोनवर, दोन्हीकडे ठेवा. वाद्य स्वतःचंच न्या आणि निदान तासभर स्टुडिओच्या गारव्यात ठेवून मगच जुळवा. एसीच्या कोरड्या हवेत तबल्याची पुडी (वरचं कातडं) ताणली जाऊन सूर चढतो, लहान व्हायोलिनच्या खुंट्या सैल होतात.

कपड्यांचं थोडक्यात. कॉलर माइकचा ट्रान्समीटर कमरेला अडकवतात, म्हणून पट्टा किंवा घट्ट कंबर असलेले दोन भागांचे कपडे बरे. बारीक रेघा कॅमेऱ्यात थरथरतात, टिकल्यांचं कापड माइकवर खसखसतं. बूट नवे नकोत. तालीम ज्यात केली तेच.

आता गप्पा. शोच्या आधी निर्मितीतलं कोणीतरी फोनवर सविस्तर बोलतं. त्यातूनच सूत्रसंचालकाच्या हातातलं कार्ड तयार होतं, म्हणजे जे सहज सांगाल तेच सगळ्यांसमोर विचारलं जाईल. आजारपण, घरातली पैशांची ओढाताण, भावंडांशी तुलना, ‘तुझी मैत्रीण कोण’ छापाची थट्टा, यातलं जे नको असेल ते लेखी कळवा. अचानक भेट, मोठा आवाज किंवा कागदी फुलांचा मारा ठरला असेल तर मुलाला नाही तरी पालकांना आधी कळलं पाहिजे, असाही आग्रह धरा.

उत्तरं पाठ करून घेऊ नका. सूत्रसंचालकाने प्रश्नांचा क्रम बदलला की पाठांतरवालं मूल गप्प होतं आणि प्रेक्षकांत आईला शोधू लागतं. त्यापेक्षा मुलाच्या फारशा ओळखीचं नसलेलं माणूस समोर बसवून रोज पाच मिनिटं गप्पा होऊ द्या, प्रश्न रोज वेगळे. तीन वाक्यं मात्र तोंडात बसली पाहिजेत: ‘मला माहीत नाही’, ‘परत विचाराल का?’ आणि ‘त्याबद्दल मला नाही बोलायचं’.

हशाची तयारी तर कोणीच करत नाही. सहा वर्षांचं मूल मनापासून काहीतरी बोलतं, दोनशे माणसं खो खो हसतात. त्याला वाटतं, आपलं चुकलं. खांदे आक्रसतात, नजर खाली जाते, पुढची उत्तरं एका शब्दात येतात. दहा-पंधरा माणसं जमवून हे आधी अनुभवू द्या, आणि लोक आवडलं म्हणूनही हसतात हे त्याच वेळी सांगा.

स्मरणशक्तीचे, राजधान्यांचे प्रयोग करणाऱ्या मुलांसाठी एक जास्तीचं काम. विचारणाऱ्याच्या हातातली यादी कधीची आहे? स्वाझीलंड २०१८ मध्ये एस्वातिनी झालं. कझाकस्तानची राजधानी २०१९ मध्ये अस्तानाची नूर-सुलतान झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. आवर्त सारणीच्या जुन्या तक्त्यावर २०१६ मध्ये नाव मिळालेली चार मूलद्रव्यं सापडत नाहीत. मूल बरोबर आणि कार्ड चूक, असं झालं तर मुलाला ते स्टुडिओत पटवून देता येत नाही. शोने वापरायची यादी आधी मागवून ताडून पाहा.

चित्रीकरणाच्या दिवशी मूल दमतं ते वाट पाहून. बोलावलेल्या वेळेनंतर तीन-चार तास सहज जातात. खोलीत सराव एकदाच, मग चित्रं, कोडी, डुलकी. नेहमीचंच खाणं, साधारण तासभर आधी, पोटाला तड लागेल इतकं नको. शू उरकायची ती माइक लावण्यापूर्वीच. माइक लागल्यावर कुजबुजही ध्वनिकक्षात ऐकू जाऊ शकते, तेव्हा ‘नीट बस’, ‘लाज आणू नकोस’ हे तर बोलूच नका. ऐन वेळी मूल नको म्हणालं तर निर्मात्याशी कोण बोलणार, हे घरून निघतानाच ठरवा, आणि मुलाचं ते ‘नको’ पाळा.

प्रसारणाआधी जुने व्हिडिओ चाळा: गणवेशावरचं शाळेचं बोधचिन्ह, घराच्या दारावरची पाटी, गाडीचा नंबर, ठिकाणाची खूण दिसली तर काढून टाका. मुलाच्या नावाचं खातं पालकांनी आपल्या ताब्यात आधीच उघडून ठेवा, कारण क्लिप गाजली की खोटी खाती निघतात. चौकशीसाठी वेगळा ईमेल ठेवा, घरचा फोन नंबर नको. वर्गशिक्षकांना कळवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी वर्गात मुलाला उभं करून तेच परत करून दाखवायला लावलं जाणार नाही. कमेंट मोठ्यांनीच वाचाव्यात, तेही मुलासमोर नाही. येणारा प्रत्येक प्रस्ताव तारीख आणि नावासह वहीत उतरवा. चौदा दिवस कशावरही सही करू नका. घाई करणाऱ्याच्या नावापुढे खूण करून ठेवा.