ऑनलाइन कुर्ता छातीत घट्ट येत होता, तो प्रश्न असा सुटला
इंदूरला राजवाड्याच्या बाजारात कुर्ता अंगाला लावून बघता येतो. ऑनलाइन ते काम टेपवर. नीट बसणारा जुना कुर्ता सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. २१ इंच आले, तर कपड्याची छाती ४२. घोळ साइटवरच्या मापांच्या चार्टमध्ये असतो: तिथले ३८ अंगाचे माप की कपड्याचे? कपड्याचे असेल आणि तुमची छातीही ३८, तर श्वास घ्यायलाही जागा नाही. ३-४ इंच सैल हवेच. कापड सुती, न आटवलेले असेल तर आणखी इंचभर धरा. बाही, लांबी शिंपी कमी करून देतो. खांदा चुकला तर सरळ परत. उसवून बसवण्यात अर्थ नाही. घालून खांदा बघेपर्यंत टॅग काढू नका.