बीपीची गोळी कशी चालू ठेवावी, बीपी घरी कसं मोजावं

“आता नॉर्मल आलंय, मग गोळी कशाला?” असं म्हणून आमच्या आत्याने गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांनी धाप लागायला लागली तेव्हा वरचा आकडा १९० होता. बीपी नॉर्मल आलं होतं ते गोळीमुळेच. चढलेलं बीपी बहुतेकदा जाणवत नाही, पण त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदयाची भिंत जाड होत जाते.

म्हणून आधी नीट मोजायला शिका. दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घ्या. चहा, तंबाखू किंवा मिश्री झाली असेल तर अर्धा तास थांबा. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर बांधा, हात टेबलावर ठेवा. पट्टा छातीच्या उंचीला आला पाहिजे. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस वहीत लिहा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

गोळी रोज ठरल्या वेळी घ्या. अ‍ॅम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात, रामिप्रिलने कोरडा खोकला येतो. तसं झालं तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलून मिळते. मनाने सोडू नका. वरचा आकडा १० ने उतरला तरी हार्ट अटॅक, पक्षाघात यांचा धोका साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतो. खर्च झेपत नसेल तर सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा, तिथे या गोळ्या मोफत देतात. आणि गुडघेदुखीवर डायक्लोफेनॅक विचारल्याशिवाय घेऊ नका, त्याने बीपी वाढतं.

मिठाचा हिशोब मात्र घरातच करायचा. पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. माणशी दिवसाला ५ ग्रॅम धरलं, तर चौघांच्या घरात एक किलो मीठ ५० दिवस पुरायला हवं. आमच्याकडे ते महिन्यात संपत होतं, लोणचं-पापड-फरसाणातलं मीठ वेगळंच! आता कणकेत आणि भातात मीठ घालत नाही. पंधरा दिवसांत जिभेला सवय झाली.

आकडा १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा बोलताना जीभ अडखळणं असेल, तर पुन्हा मोजत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.