खाडीकाठच्या सेंद्रिय बागेत या चुका टाळा

मार्च-एप्रिल आला की नवी मुंबईत नेरूळ, सीवूड्स, ऐरोली, कोपरी, सगळीकडून एकच तक्रार कानावर येते. "रोज पाणी घालतेय, शेणखत घालतेय, तरी पानांच्या कडा करपतायत." आमच्या तळमजल्याच्या जागेत मी पहिल्या वर्षी हेच करून बसले. गुलाबाच्या कडा तपकिरी झाल्या, खत कमी पडलं असं समजून गांडूळखत घातलं, मग जीवामृत (शेण, गोमूत्र, गुळाचं आंबवलेलं पातळ खत), आणि दहा दिवसांत तो उभ्या उभ्या वाळला. मीठ बाधलेल्या झाडाला मी खतातून वरून आणखी क्षार पाजले होते.

करपलेल्या कडांवर खताचा उतारा

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे जरा थांबू या. नवी मुंबईचा बराचसा भाग खाजणं (खाडीकाठची खारट दलदल), मिठागरं आणि भातशेतीवर भराव टाकून उभा राहिला. वर मुरूम आणि डेब्रिज, खाली खारट चिखलमाती. पावसात गोडं पाणी मीठ खाली ढकलतं. फेब्रुवारीनंतर ऊन तापलं की ओलावा वर चढतो, येताना मीठ घेऊन येतो. पाण्याची वाफ होते, मीठ मुळांपाशी राहतं. मग माती ओली असूनही मुळांना ते पाणी ओढता येत नाही, आणि भिजलेल्या कुंडीतलं झाड भरदुपारी मान टाकतं. आपण समजतो तहानलंय. बोअरचं पाणी घातलं की आणखी बिघडतं.

ओळखायचं कसं? मीठ बाधलं की आधी जुन्या पानांची टोकं आणि कडा जळतात, मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरा थर धरतो. नत्र (नायट्रोजन) कमी असेल तर जुनं पान सगळंच फिकट पिवळं पडतं. पालाश (पोटॅश) कमी पडल्यावरही कडा करपतात, तेव्हा नुसत्या नजरेवर जाऊ नका. करपलेल्या झाडाची एक वाटी माती, पाच वाट्या फिल्टरचं पाणी, चांगलं ढवळा, अर्धा तास निवळू द्या आणि वरच्या पाण्यात टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजायचं छोटं यंत्र) बुडवा. तसंच एखाद्या तजेलदार झाडाच्या कुंडीतल्या मातीचं करा. दोन्ही आकडे शेजारी ठेवा, करपलेल्याचा बराच जास्त आला तर दोष मिठाचा. नळाचं आणि बोअरचं पाणीही मोजा. आमच्याकडे नळाचा आकडा शंभराच्या आत होता, बोअरचा हजाराच्या वर. त्या दिवसापासून बोअरचं पाणी फक्त अंगण धुवायला.

कुंडी असेल तर तिच्या आकाराच्या दुप्पट गोडं पाणी सावकाश ओता, तळाच्या भोकातून पूर्ण निथळू द्या, आणि ताटलीत साचलेलं फेकून द्या. ताटलीत राहिलं तर माती तेच परत पिते. पंधरा दिवस खत बंद. जमिनीत असेल तर वाफे उंच करा, पावसाआधी माती भुसभुशीत करून ठेवा आणि पहिल्या जोरदार सरी तिच्यातून जाऊ द्या. आगरी शेतकऱ्यांची खारजमिनीतली रीत हीच होती: पावसाच्या पाण्यानं शेत धुवायचं, ते पाणी उघाडीतून (बांधातल्या झडपेच्या दारातून) काढून द्यायचं, मग लावणी. अशा जमिनीसाठीच पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं पनवेल-१, २, ३ या भाताच्या जाती काढल्या. पाऊस संपला की वाफ्यावर वाळल्या पानांचा चार बोटं जाड थर घाला. ऊन थेट मातीला लागलं नाही तर मीठ वर यायला वेळ लागतो. माती ओली असताना चिकट आणि वाळली की दगडासारखी होत असेल, तर सोडियम जास्त असण्याची शक्यता. तिथे जिप्सम कामाला येतं, पण माती तपासल्यावरच, आणि त्यानंतर गोडं पाणी भरपूर द्यावं लागतं.

मीठ कुठून शिरतं तेही बघा. कोकोपीट न धुता वापरू नका. नारळाच्या सोडणांत मुळात क्षार असतात, काही ठिकाणी ती खाऱ्या पाण्यातच भिजवलेली असतात. दोन-तीनदा भिजवून पिळून घ्या. कंपोस्टच्या डब्यात लोणचं, उरलेली आमटी, सुक्या बोंबलांची डोकी नकोत. ताजे मासे धुतलेलं पाणी झाडांना चालतं, मीठ लावून ठेवलेल्या माशांचं अजिबात नाही. आणि "खाडीचा गाळ सुपीक असतो" म्हणून तो आणू नका. तो खारट आहे, वर औद्योगिक सांडपाण्याचा वारसा आहे. कांदळवनातून माती उचलणं कायद्यालाही धरून नाही.

झाडं निवडतानाच निम्मं काम होतं. उंडी, परस पिंपळ, करंज, नारळ, चिकू, करवंद, कण्हेर, सदाफुली ही खारं सोसतात. भाज्यांत पालक बरा टिकतो. घेवडा, गुलाब, लिंबू नाजूक, ते कुंडीत आणि नळाच्याच पाण्यावर ठेवा.

दिसली अळी की मार नीम तेल

"सेंद्रिय आहे, काही होत नाही," हे वाक्य मला फार खटकतं. नीम तेल कीटकनाशक आहे. सरसकट फवारलं की मावा जातो, त्याच्याबरोबर मावा खाणाऱ्या लेडीबर्डच्या अळ्याही जातात, आणि पुढच्या वेळी मावा दुपटीनं येतो.

कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळा-पांढरा ठिपका दिसला तर काडीनं हळूच स्पर्श करा. डोक्यामागून दोन तांबडी मऊ शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. ती बहुधा कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी. थोड्या दिवसांत हिरवीगार होते, मग कोषात जाते. लिंबाच्या पानांवर ब्लू मॉर्मनची अळी येऊ शकते. २०१५ पासून हे आपलं राज्य फुलपाखरू आहे. तेव्हा कढीपत्ता दोन कुंड्यांत लावा, एक फोडणीसाठी, एक त्यांच्यासाठी. अळ्या पहिल्या कुंडीवर आल्या तर पानासकट उचलून दुसरीवर ठेवा. मावा असेल तर तेवढ्याच फांदीवर पाण्याचा जोरदार फवारा मारा. नीम लागलंच तर संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर, आणि फुलं सोडून.

पाण्याची भांडी आणि गप्पी

पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी एक दिवसाआड ओतून भांडं घासा. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. कमळाच्या टाकीत डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडायचा मोह होतो, पण ते परदेशी मासे बेडकांची पिल्लंही खातात, आणि पावसात टाकी वाहिली की नाल्यात पोचतात.

उंदरांचं औषध

हे मी हात जोडून सांगते, ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, गुंगतो. असला उंदीर गव्हाणी घुबड आणि धामण यांना सहज सापडतो, आणि विष त्यांच्या पोटात जातं. पिंजरा लावा, कबुतरांना दाणे टाकणं बंद करा, बिळं बुजवा. धामण दिसली तर काठी उचलू नका, वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.

मे महिन्यातली सरसकट छाटणी

पावसाआधी सोसायटी छाटणीचं काम देते आणि माणसं दोन तासांत कुंपण सपाट करतात. नेमके तेव्हा शिंपी पक्षी, बुलबुल, दयाळ घरटी करतात. शिंप्याचं घरटं नुसत्या नजरेला दिसत नाही. दोन रुंद पानं कडेला कापसाच्या धाग्यांनी टाचलेली असतात, आत मुठीएवढी पिशवी. छाटणीआधी एक सकाळ कुंपणाशी उभं राहा. चोचीत काही घेऊन तोच पक्षी पुन्हा पुन्हा एकाच जागी शिरत असेल, तर तेवढ्या फांद्यांना लाल फीत बांधा आणि माळ्याला दाखवून ठेवा. धोक्याची मोठी फांदी असेल तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, त्यासाठीचा अर्ज एप्रिलमध्येच टाका. आमच्याकडे गेल्या वर्षी तीन फिती बांधल्या होत्या. कोपऱ्यातल्या जास्वंदीची शेवटची फीत जुलैच्या मध्यावर सोडली, पिल्लं उडाल्यावर.