जुना खासरा, फेरफार, नकाशा काढायचाय? मग तहसीलला जायच्या आधी एवढं वाचा

वारस नोंद असो, भावाभावातली वाटणी असो, बांधाचं भांडण असो नाहीतर जातीचा दाखला, सगळं शेवटी येऊन अडतं ते जुन्या कागदावर. आणि खिडकीवर उत्तर ठरलेलं, "रेकॉर्ड सापडत नाही, पुढच्या आठवड्यात या". माझं म्हणणं असंय की पुष्कळ वेळा कागद जागेवरच असतो, आपण तो आजच्या गावाच्या, आजच्या तालुक्याच्या, आजच्या गट नंबरच्या नावानं मागतो आणि तो बांधून ठेवलेला असतो जुन्या नावाच्या गठ्ठ्यात. म्हणून पहिलं काम घरी बसून करायचं.

आपल्याकडं हे जास्तच लागू होतं कारण मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात, मग हैदराबाद राज्यात, 1956 ला मुंबई राज्यात आणि 1960 ला महाराष्ट्रात आला. जिल्हे पण फुटत गेले. जालना 1981 ला औरंगाबादमधून निघाला, लातूर 1982 ला उस्मानाबादमधून, हिंगोली 1999 ला परभणीतून. त्यामुळं हिंगोलीच्या माणसाचा 1960 चा कागद परभणीत असू शकतो. त्यात उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तर 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, तिकडच्या लोकांनी जुन्या कागदावर "जिल्हा बीदर" वाचून आपला नाही म्हणून बाजूला ठेवू नका. रेणापूर, देवणी, जळकोट असे नंतर झालेले तालुके असतील तर आधी मूळ तालुक्याच्या रेकॉर्ड रूमला विचारा.

साल पण तसंच. निजामकाळातल्या कागदावर फसली साल, म्हणजे तिथलं महसुली साल असतं, त्यात 590 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे 1350 फसली म्हणजे 1940-41, कारण तिथलं साल ऑक्टोबरमध्ये बदलायचं. महिने पण आजूर, दै, बहमन असे लिहिलेले दिसतील, घाबरून जाऊ नका.

आता कुठं काय मिळतं. सातबारा, आठ अ, अलीकडचे फेरफार महाभूमीच्या साईटवर आहेत, नुसतं बघायला फुकट, डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत, तो सरकारी कामाला चालतो. जुने स्कॅन केलेले फेरफार वगैरे "आपले अभिलेख" नावाच्या सरकारी साईटवर बघा, पण सगळ्या गावांचं तिथं नाही. जुन्या सातबाऱ्याआधीचं पाहिजे असेल तर तहसीलचा अभिलेख कक्ष. मोजणी, टिपण (मोजणीच्या वेळचा सर्व्हे नंबरचा कच्चा नकाशा), गाव नकाशा, आणि जुना सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला हे सांगणारा एकत्रीकरणाचा उतारा, हे सगळं भूमी अभिलेखच्या उप अधीक्षकाकडं, तहसीलला त्यासाठी खेटे घालू नका. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडं. कुणबी नोंदी शोधणाऱ्यांनी आधी आपल्या जिल्ह्याची सरकारी वेबसाईट बघावी, 2023 पासून शोध मोहिमेत सापडलेले कागद स्कॅन करून गावनिहाय टाकलेत.

आपल्या भागात सगळ्यात जास्त कामाला येतो तो 1954-55 चा खासरा, म्हणजे खासरा पाहणी पत्रक. आडवं मोठं पान, सर्व्हे नंबर, क्षेत्र, पट्टेदाराचं, म्हणजे ज्याच्या नावावर जमीन होती त्याचं नाव आणि त्याच्या पुढं प्रत्यक्ष कोण कसत होतं त्याचं नाव. ही दोन नावं वेगळी निघाली की बऱ्याच भांडणांचं मूळ तिथंच सापडतं. आमच्या चुलत्यांच्या वाटणीत हेच झालं, सगळे सातबारा घेऊन भांडत होते आणि खासऱ्यावर आजोबांच्या पुढं त्यांच्या धाकट्या भावाचं नाव निघालं, त्यानंतर दोन्ही घरं बसून बोलली तरी. म्हणून नक्कल घेताना आपल्याच ओळीची घेऊ नका, आख्खं पान घ्या, वरचा मथळा आणि गावाचं नाव दिसलं पाहिजे, नाहीतर पुढं कुणीही म्हणतं हे पान कुठलं.

तहसीलला जाताना साधा नक्कल अर्ज लिहा, त्यात जुनं गाव, जुना तालुका, सर्व्हे नंबर, साल आणि कागदाचं नाव, एवढं सगळं. अर्ज आवक-जावकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नका. "साहेब, तेवढी पोच द्या" असं शांतपणे म्हणायचं, भांडायचं नाही, त्या खोलीत धूळ खात गठ्ठे सोडणारा माणूस एकटाच असतो आणि त्याला नीट माहिती दिली तर तो खरंच शोधून देतो. बिना पोचेचा अर्ज म्हणजे अर्ज दिलाच नाही असं समजा.

इतकं करून हलत नसेल तर माहिती अधिकार. जोडपत्र अ, म्हणजे ठरलेल्या नमुन्यात अर्ज, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना कार्डाची प्रत जोडली की फी माफ. ऑनलाईन पण करता येतो. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळं आख्खी कहाणी लिहू नका. का पाहिजे ते सांगायची गरज नाही, कायद्यातच तसं लिहिलंय. "माझ्या शेताची सगळी माहिती द्या" असं लिहिलं की उत्तर पण तसंच येतं. असं लिहा: "मौजे अमुक, तालुका अमुक, सर्व्हे नंबर अमुक, याच्या सन 1954-55 च्या खासरा पाहणी पत्रकाची पूर्ण पानाची प्रमाणित प्रत द्यावी. तसेच सदर गावाच्या अभिलेखांच्या यादीचे व गठ्ठ्याचे प्रत्यक्ष अवलोकन करू द्यावे." ते शेवटचं वाक्य सोडू नका. अवलोकन म्हणजे स्वतः बसून कागद बघणं, पहिला तास फुकट, पुढं दर 15 मिनिटाला 5 रुपये. आपलं आडनाव, आजोबाचं नाव, मळ्याचं नाव आपल्याला जेवढं पटकन ओळखू येतं तेवढं कारकुनाला येणार नाही. जिल्ह्याच्या ऑफिसांत आणि जिल्हा परिषदेत तर दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अवलोकनासाठी ठेवायचा 2018 चा शासन निर्णयच आहे, तो सांगा.

झेरॉक्स पानाला 2 रुपये. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर माहिती फुकट द्यावी लागते, आणि पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करायचं, त्याला 20 रुपयांचं स्टॅम्प. अर्ज चुकीच्या ऑफिसला गेला असेल तर 5 दिवसांत त्यांनीच तो योग्य ऑफिसला पाठवायचा असतो, तुम्हाला परत पाठवून चालत नाही. पहिल्या अपिलातही भागलं नाही तर 90 दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडं, मुंबईला जायची गरज नाही.

"अभिलेख उपलब्ध नाही" एवढंच लिहून आलं तर तिथं थांबू नका. जुने कागद अ, ब, क, ड असे वर्गवारीत लावलेले असतात, अ वर्गाचे कायम ठेवायचे असतात. म्हणून दुसरा अर्ज टाका: हा कागद कोणत्या वर्गात होता, नष्ट केला असेल तर निंदणीकरणाच्या, म्हणजे नष्ट केलेल्या कागदांच्या यादीची आणि आदेशाची प्रत द्या, दुसऱ्या ऑफिसला पाठवला असेल तर त्या पत्राची प्रत द्या. बऱ्याचदा हा अर्ज गेल्यावर गठ्ठा निघतो. नाही निघाला तरी ते लेखी उत्तर जपून ठेवा, कोर्टात नाहीतर दाखल्याच्या कामात ते दाखवावं लागतं.

कागद उर्दूत निघाला तर आधी मूळ उर्दूची प्रमाणित प्रत घ्या, मग भाषांतर. गावातल्या एखाद्या मौलवी साहेबांकडून नाहीतर निवृत्त उर्दू मास्तरांकडून अर्थ लावून घेतला की आपल्याला कळतं की हाच कागद पाहिजे का, पण दाखल करायचं भाषांतर मात्र त्या ऑफिसला किंवा कोर्टाला कुणाचं चालतं ते आधी विचारून मगच करून घ्या, नाहीतर पैसे दोनदा जातात.