प्रोसेसर मोठा म्हणजे वेगवान? या चुका टाळा

पहिली चूक आकारावरून ताकद ठरवण्याची. संगणकाचा प्रोसेसर हातात घेतल्यावर जे चकचकीत दिसतं ते धातूचं झाकण. खरी सिलिकॉनची चिप त्याखाली असते आणि घरगुती प्रोसेसरमध्ये ती बहुधा १०० ते २५० चौरस मिलिमीटरची, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी. एएमडी कंपनीचे एएम४ आणि एएम५ हे प्रोसेसरचे दोन्ही प्रकार ४० बाय ४० मिलिमीटरचेच; पण एकाला १३३१ पिना आहेत, दुसऱ्याला पिनाच नाहीत, १७१८ सपाट टिकल्या आहेत. आकार जुळतोय म्हणून दाबून बसवू नका. वाकलेल्या पिना वॉरंटीत सहसा बसत नाहीत.

मग चिपच मोठी का करत नाहीत? गच्चीवर बिबडे वाळत घातलेत आणि वावटळीने दहा खडे येऊन पडले, असं समजा. लहान पन्नास बिबडे असतील तर फार तर दहा फुकट जातील. तेच पीठ पाच मोठ्या बिबड्यांत थापलं असेल, तर एखादाच वाचेल. ज्यातून चिपा कापतात त्या सिलिकॉनच्या ३०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीचं असंच होतं. दर १० चौरस सेंटिमीटरला एक दोष धरला, तर अख्ख्या चकतीवर सुमारे ७० दोष पडतात. १०० चौरस मिलिमीटरच्या चिपा केल्या तर दहातल्या नऊ चांगल्या निघतात. ८०० च्या केल्या तर निम्म्याहून जास्त वाया जातात. त्यात चकतीवर सर्किट छापणारं यंत्र एका वेळी २६ बाय ३३ मिलिमीटरपेक्षा मोठी चौकट छापू शकत नाही. सेरेब्रस कंपनीने २०१९ मध्ये ४६,२२५ चौरस मिलिमीटरची चिप केली खरी, पण दोष गृहीत धरून, जादा कोर (म्हणजे आकडेमोड करणारे स्वतंत्र भाग) राखीव ठेवून. ती घरच्या टेबलासाठी नाही.

दुसरी अडचण अंतराची. ५ गिगाहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ५०० कोटी ठोके पडत असताना, एका ठोक्यात प्रकाशसुद्धा फक्त ६ सेंटिमीटर जातो. चिपमधल्या बारीक तारेत संकेत त्याहून पुष्कळ हळू चालतो, आणि तारेची लांबी दुप्पट झाली की उशीर चौपट होतो. तो कमी करायला वाटेत जोर देणारी सर्किटं घालावी लागतात. ती वीज खातात आणि तापतात. म्हणूनच २०१९ च्या रायझन ३००० या प्रोसेसर मालिकेपासून एएमडीने आठ-आठ कोरचे, साधारण ७४ चौरस मिलिमीटरचे तुकडे एकत्र जोडायची वाट धरली. हा मार्ग आम्हाला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

आता आपल्याकडची खरी चूक: पैसे मोठ्या प्रोसेसरवर घालायचे आणि कॅबिनेटच्या हवेकडे बघायचंच नाही. पंख्याचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा, पात्यांचा धातूचा ठोकळा) प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. खोली २५ अंशांवर असताना प्रोसेसर ७५ ला राहत असेल, तर मे महिन्यात भुसावळला ४२ अंशांच्या खोलीत तोच भार त्याला ९२ च्या आसपास नेतो. ९५ ते १०० अंशांना तो स्वतःहून वेग उतरवतो. महागाचा प्रोसेसर दुपारी रेंगाळतो तो यामुळे. उपाय म्हणून पाण्याच्या कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडू नका. दमट हवेत धूळ पात्यांना चिकटून बसते. जिनिंगच्या ऑफिसात तर कापसाचे तंतू हीटसिंकवर नमद्यासारखे जमतात. तिथे हंगामात महिन्याला सफाई हवीच.

तपासायचं असं. तापमान आणि वेग दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम लावून १५ मिनिटं पूर्ण भार द्या. तापमान मर्यादेला टेकलं आणि क्लॉक (गिगाहर्ट्झमधला वेग) खाली आला, तर दोष थंडाव्याचा. प्लग काढा, पंख्याचं पातं बोटाने धरून ब्लोअर मारा, कारण मोकळा फिरला तर बेअरिंग बिघडतं. फरक पडला नाही तर हीटसिंक उतरवा, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली, उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मध्यभागी वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवा आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे-थोडे करून आवळा. इंटेलच्या बॉक्ससोबत येणाऱ्या पंख्याच्या चार खुंट्यांपैकी एखादी कधीकधी अर्धवट बसलेली असते. मदरबोर्डच्या मागून चारही बाहेर आल्यात का ते बघूनच झाकण लावा.