हे जॅझ रेकॉर्डिंग नेमकं कोणाचं? शोधायचं कसं आणि त्यावर वाद घालायचा कसा

नाव-गाव नसलेली जॅझची क्लिप हाती आली की सगळ्यांचा पहिला उद्योग एकच, सॅक्सोफोनवाल्याचं नाव ठोकून द्यायचं. कोल्ट्रेन! छे, रॉलिन्स! आणि मग दोन दिवस तेच चालू. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे, सोलो वाजवणाऱ्याचं नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं. आधी रेकॉर्डिंग साधारण कधीचं ते बघायचं, मग ट्यून कुठली, मग मागे ड्रम्स-बेस-पियानोवर कोण आहे, आणि एवढं जमलं की पुढे उभा असलेला माणूस बरेचदा आपोआप कळतो, कारण तोवर शक्यताच चारपाच उरलेल्या असतात.

सोपं काम आधी उरकून घ्या, शझाम (गाणं ऐकून ओळखणारं ॲप) लावून बघा. फक्त एक लक्षात ठेवा की शझाम ट्यून ओळखत नाही, ते त्या एका ठराविक रेकॉर्डिंगचा ठसा जुळवतं, त्यामुळे तीच ट्यून त्याच बँडने दुसऱ्या रात्री क्लबमध्ये वाजवलेली असेल तर ते हात वर करणार. आणि उत्तर आलं तरी समोर दिसणाऱ्या सालावर जाऊ नका, ते बऱ्याचदा कुठल्यातरी कलेक्शनच्या सीडीचं साल असतं, १९४० च्या रेकॉर्डिंगपुढे बिनदिक्कत २००५ लिहिलेलं असतं.

आता कालखंड. इथे कान आणि घड्याळ दोन्ही लागतात. १९२५ च्या आधी रेकॉर्डिंग मायक्रोफोनशिवाय, मोठ्या कर्ण्यापुढे बसून व्हायचं, त्यामुळे आवाज डब्यातून आल्यासारखा, बास ड्रम जवळजवळ नाहीच, डबल बेसच्या जागी ट्युबा, आणि ड्रमर लाकडी ठोकळ्यांवर टकटक करतोय असं ऐकू येतं. १९२५ ला इलेक्ट्रिकल रेकॉर्डिंग आलं आणि एकदम खोलीतली हवा ऐकू यायला लागली. मग लांबी बघा. दहा इंची ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकडीवर एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची, म्हणून तेव्हाचे सोलो आठ-सोळा बारचे (बार म्हणजे चार मात्रांचा एक तुकडा), आटोपशीर, आणि तीन मिनिटांच्या आसपास सगळं गुंडाळलेलं. कोलंबिया कंपनीने एलपी (जास्त लांब वाजणारी तबकडी) आणली १९४८ ला, त्यानंतर हळूहळू सात-आठ-दहा मिनिटांचे ट्रॅक स्टुडिओत व्हायला लागले. म्हणजे पाच मिनिटं एकटा टेनर सॅक्सोफोन वाजतोय आणि कोणी म्हणालं की हे १९३८ चं स्टुडिओ रेकॉर्डिंग आहे, तर शंका घ्यायची. पण "स्टुडिओ" हा शब्द सोडू नका हं, कारण रेडिओ आणि कॉन्सर्टला ही मर्यादा नव्हती, बँडलीडर बेनी गुडमनची कार्नेगी हॉलची कॉन्सर्ट १६ जानेवारी १९३८ ची आहे आणि त्यात 'सिंग, सिंग, सिंग' तीन मिनिटांच्या कितीतरी पुढे जातं, ती विकायला आली मात्र थेट १९५० ला.

स्टिरिओ हा अजून एक धागा. सॅक्स पूर्ण डावीकडे आणि ड्रम्स पूर्ण उजवीकडे असं एकदम फाडून ठेवलेलं असेल तर बहुतेक पन्नासच्या दशकाचा शेवट किंवा साठच्या दशकाची सुरुवात. पण साठच्या दशकात कंपन्यांनी जुन्या मोनो रेकॉर्डिंगांना खोटा स्टिरिओ करून विकायचा धंदा केला, एका बाजूला खर्ज आणि दुसऱ्या बाजूला तार सप्तक, मध्ये प्रतिध्वनी, ऐकायला भयानक. तसं वाटलं तर दोन्ही चॅनेल मोनो करून परत ऐका. आणि डबल बेस लाकडी न वाटता रबरी, गुणगुणल्यासारखा, थेट अँप्लिफायरमधून आल्यासारखा वाटला तर मी डोळे झाकून सत्तरचं दशक म्हणतो, नव्वद टक्के वेळा चालतं.

तारखेच्या बाबतीत एक गोष्ट पाठच करून ठेवा. अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने १ ऑगस्ट १९४२ पासून रेकॉर्डिंग बंद पाडलं होतं. डेक्का कंपनीने १९४३ च्या सप्टेंबरमध्ये तडजोड केली, पण व्हिक्टर आणि कोलंबिया १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत अडून राहिल्या. १९४८ ला परत एकदा बंदी. तेव्हा कोणी "कोलंबिया, स्टुडिओ, मार्च १९४४" असं छातीठोक लिहिलं तर विचारा की बाबा कसं काय? बहुतेक ते रेडिओवरून उतरवलेलं असतं, किंवा सैनिकांसाठी काढलेली व्ही-डिस्क असते, त्यांना १९४३ च्या शरद ऋतूत सूट मिळाली होती आणि त्या बारा इंची असल्यामुळे जास्त लांबही असायच्या. बीबॉप (जॅझची वेगवान, गुंतागुंतीची नवी शैली) नेमका याच काळात घडत होता, म्हणून त्याच्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगांमध्ये मोठं भगदाड आहे, आणि त्या भगदाडात भलतीसलती क्लिप कोंबायचा मोह सगळ्यांना होतो.

ट्यून ओळखायला बार मोजायला शिका, दुसरा इलाज नाही. पायाने ताल धरा, चार मात्रांचा एक बार, आणि चाल पुन्हा मूळ जागी कधी येते ते बघा. बारा बारवर आली तर ब्लूज. बत्तीसवर आली आणि मधले आठ वेगळे वाटले तर ती अआबअ बांधणी, जुन्या ब्रॉडवेच्या गाण्यांची. आता खरी गंमत, बीबॉपवाले जुन्या गाण्याचे कॉर्ड्स तसेच ठेवून वर नवी चाल बसवायचे, कारण कॉपीराइट चालीला असतो, नुसत्या कॉर्ड्सच्या क्रमाला कोणी पैसे मागत नाही. म्हणून 'ऑर्निथॉलॉजी' म्हणजे आतून 'हाऊ हाय द मून', 'डोना ली' म्हणजे 'इंडियाना', 'हॉट हाऊस' म्हणजे 'व्हॉट इज धिस थिंग कॉल्ड लव्ह', आणि 'आय गॉट रिदम'च्या कॉर्ड्सवर तर किती ट्यून्स आहेत याची मोजदादच नको. क्लिप सोलोच्या मधूनच सुरू होत असेल आणि चाल ऐकूच येत नसेल तर हे जुनं गाणं सोलोवर गुणगुणून बघा, बसलं की तुम्हाला निदान पाच-सहा ट्यून्सची यादी मिळाली. चार्ली पार्करचं 'को-को' हे 'चेरोकी'वर आहे, २६ नोव्हेंबर १९४५ चं सेशन, आणि त्याच्या पहिल्या टेकमध्ये (टेक म्हणजे रेकॉर्डिंगचा एक प्रयत्न) तर मंडळी थेट 'चेरोकी'ची चाल वाजवायला लागतात आणि मध्येच थांबवली जातात, ऐकाच.

आता मागची मंडळी. पुढचा वादक कुणाचीही नक्कल करू शकतो, पण ड्रमरची सवय लपत नाही. छोट्याशा फुसफुशीतून एकदम लाटेसारखा वर चढणारा प्रेस रोल (काठ्या दाबून काढलेला सलग घरघराट) आणि दोन-चारवर हाय-हॅट कचाकच मिटतोय तर आर्ट ब्लेकी. सगळीकडे ट्रिपलेट्स (एका मात्रेचे तीन भाग), एक मात्रा नक्की कुठे पडली तेच कळेना, तर एल्विन जोन्स. चौथ्या मात्रेवर रिमची (ड्रमच्या काठाची) टिक्‌ सतत, तर फिली जो जोन्स. बेसवर कोणी बो (गज) घेऊन वेगात सोलो वाजवत असेल तर पॉल चेंबर्स मनात आणा, आणि बो सोबत तोच माणूस एक सप्तक वर गुणगुणतोय असं असेल तर स्लॅम स्टुअर्ट, तिथे वादच नाही. पियानोत एरॉल गार्नर सगळ्यात सोपा, डावा हात गिटारसारखा घट्ट तालात आणि उजवा मुद्दाम मागे रेंगाळणारा. थेलोनियस मंक तर लहान मूलही ओळखेल, शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबलेल्या आणि मोठमोठ्या रिकाम्या जागा.

तरी सावध. पियानोवर गार्लंड, बेसवर चेंबर्स, ड्रम्सवर फिली जो ओळखले म्हणून लगेच ट्रंपेटवाल्या माईल्स डेव्हिसचा क्विंटेट (पाच जणांचा बँड) म्हणू नका, हेच तिघे १९५७ च्या जानेवारीत आल्टो सॅक्सवाल्या आर्ट पेपरच्या मागेही वाजवून गेलेत. आणि एकाच अल्बममध्ये पियानोवाला बदलू शकतो, माईल्सच्या 'काइंड ऑफ ब्लू'मध्ये सगळीकडे बिल एव्हान्स आहे, फक्त 'फ्रेडी फ्रीलोडर'वर विंटन केली, आणि तरी दर वेळी कोणीतरी त्या सोलोत "एव्हान्सची उदासी" शोधून काढतोच.

पुढच्या वाद्यांबद्दल फार लिहित नाही, ते ऐकूनच येतं. रुंद थरथर असलेला सोप्रानो सॅक्स म्हणजे बेशे, सुरावरून सुरावर तेलासारखा घसरणारा आल्टो म्हणजे हॉजेस, कोरडा आणि हलका आल्टो म्हणजे डेझमंड, सुरापेक्षा श्वासच जास्त ऐकू येणारा टेनर म्हणजे बेन वेबस्टर, गिटारवर अंगठ्याने ऑक्टेव्ह म्हणजे वेस माँटगमेरी. पण हे सगळे ज्याचे त्याचे चेलेही वाजवतात. हार्मन म्यूट (ट्रंपेटच्या तोंडात बसवायची धातूची टोपी) ऐकला की माईल्स, हे तर बंदच करा आता.

पट्टी तपासायची राहिलीच. जॅझमधल्या फुंकवाद्यांना फ्लॅटवाल्या पट्ट्या सोयीच्या, बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ. तुमची क्लिप बी मध्ये किंवा दोन पट्ट्यांच्या मधोमध येत असेल तर आधी स्पीडवर संशय घ्या, जुन्या ७८ च्या तबकड्या काही नेमक्या ७८ वर कापलेल्या नसायच्या आणि टेपचंही तसंच. मोठ्या कंपन्याही यातून सुटल्या नाहीत, 'काइंड ऑफ ब्लू'चं २ मार्च १९५९ चं सेशन, म्हणजे एलपीची पहिली बाजू, कित्येक वर्षं किंचित चढ्या सुरात विकली गेली आणि नव्वदच्या दशकातल्या आवृत्त्यांमध्ये ते सुधारलं.

तबकडी प्रत्यक्ष हातात असेल तर मग कानापेक्षा डोळे वापरा. लेबलवरचा कॅटलॉग नंबर आणि मॅट्रिक्स नंबर या दोन वेगळ्या गोष्टी, कॅटलॉग नंबर विकायच्या मालाचा, मॅट्रिक्स नंबर त्या एका बाजूच्या रेकॉर्डिंगचा, आणि त्याला जोडून बऱ्याचदा टेकचा आकडा. लेबलच्या कडेच्या गुळगुळीत पट्टीत लाइट तिरपा धरून वाचा. ब्लू नोट कंपनीच्या एलपीवर तिथे आरव्हीजी दिसलं तर मास्टर (मूळ तबकडी) इंजिनियर रूडी व्हॅन गेल्डरने कापलेला, आणि कानासारखा दिसणारा वळणदार पी दिसला तर प्रेसिंग प्लास्टिलाइटच्या कारखान्यातलं, म्हणजे साधारण १९६६ पर्यंतचं. ७८ चा नंबर सांता बार्बराच्या विद्यापीठाच्या अमेरिकन रेकॉर्डिंगांच्या डेटाबेसमध्ये टाका, एलपीचा डिस्कॉग्स या साइटवर. मॅट्रिक्स नंबरची किंमत बघायची तर कोल्ट्रेनचं ६ मार्च १९६३ चं सेशन बघा, २०१८ ला बाहेर आलं तेव्हा त्यातल्या दोन ट्यून्सना नावंच नव्हती, आजही त्या ११३८३ आणि ११३८६ म्हणूनच ओळखल्या जातात.

लेबलवर छापलेल्या नावांवर मात्र आंधळा विश्वास नको. करारामुळे नाव लपवायची पद्धतच होती. टोरंटोच्या मॅसी हॉलमध्ये १५ मे १९५३ ला वाजवणारा "चार्ली चॅन" म्हणजे चार्ली पार्कर, आणि "बकशॉट ला फंक" म्हणजे कॅननबॉल ॲडरली. त्या मॅसी हॉलच्या एलपीवरचा बेस तर त्याच बँडमधल्या मिंगसने नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून वर चढवलाय, म्हणजे "लाइव्ह" ऐकताय ते सगळं त्या रात्रीचं नाहीच. वर सांगितलेल्या 'को-को'वर सेशनला हजर असलेल्या माईल्सने नाही तर गिलेस्पीने ट्रंपेट वाजवलाय, आणि पियानोवर कुठे गिलेस्पी आणि कुठे आर्गॉन थॉर्नटन यावर लोक दशकानुदशकं भांडलेत.

भांडायचं तर नीट भांडा. विचारताना क्लिप कुठून मिळाली, किती लांब आहे, मोनो की स्टिरिओ, टाळ्या ऐकू येतात का, निवेदक काय बोलतो, हे सगळं आधीच लिहा, नाहीतर पहिले वीस प्रश्न तेच येणार. आणि क्लिप कापताना निवेदकाचा आवाज कापू नका राव, त्यातच अर्धं उत्तर असतं. उत्तर देताना नुसतं नाव टाकून पळू नका, १:४२ ला ड्रमर काय करतो म्हणून मला तो अमुक वाटतो असं लिहा, म्हणजे दुसऱ्याला तिथेच जाऊन खोडता येतं. खात्री किती तेही सांगा. मास्टर टेक (छापायला निवडलेला) की दुसरा टेक हे वेगळं बोला, दोन माणसं एकाच ट्यूनच्या दोन वेगळ्या टेकवरून तासभर भांडलेली बघितलीत मी, दोघंही बरोबर होती. आणि आवाजावरून वादक काळा की गोरा हे सांगायच्या फंदात पडू नका, समीक्षक लेनर्ड फेदरच्या ब्लाइंडफोल्ड टेस्टमध्ये (नाव न सांगता रेकॉर्ड ऐकवून ओळखायला लावायची) १९५१ ला रॉय एल्ड्रिजसारख्या ट्रंपेटवाल्याने तो दावा केला होता आणि निम्म्याहून जास्त वेळा तो चुकला.

एवढं करूनही उत्तर मिळालं नाही तर फाइलला "अनोळखी टेनर, क्वार्टेट, बहुतेक १९५५ ते ६०, रेडिओ" असंच नाव द्या, अंदाजाने कोल्ट्रेन लिहू नका, कारण ते नाव पुढच्या अपलोडमध्ये प्रश्नचिन्ह गाळून जातं. अर्धवट लेबलचं काही बिघडत नाही. मंक आणि कोल्ट्रेनची २९ नोव्हेंबर १९५७ ची कार्नेगी हॉलची कॉन्सर्ट लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओच्या टेप्समध्ये नुसती "कार्नेगी हॉल जॅझ १९५७" अशा लेबलखाली पडून होती, त्यातल्या एका टेपवर "टी. मंक" एवढंच लिहिलेलं, आणि २००५ ला लॅरी ॲपलबॉमने ती मशीनवर चढवल्यावर त्याला आत टेनर कोण आहे ते ऐकू आलं.